तोंडाने म्हणा

फळ्यावर आमचं नाव खोडलेलं होतं. लिफ्टच्या शेजारी काचेमागे इमारतीच्या सौन्याचा, तळघरातल्या वाफेच्या न्हाणीचा, कागद लावलेला असतो, कुठल्या घराला कुठला वार आणि कुठला तास. गुरुवार सहा ते सात, तिथे साडेपाच वर्षं मोइलानेन असं लिहिलेलं. त्या मोइलानेनवर निळ्या शाईची आडवी रेघ, आणि खाली बारीक अक्षरात, एक नोव्हेंबरपासून ह्युवोनेन. मी बटाट्यांची पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा वाचलं. मला वाचायला वेळ लागतो. आमच्या वेळी शाळा फिरती होती, मास्तर सहा आठवडे आमच्या गावात आणि सहा आठवडे तळ्यापलीकडच्या, आणि आमच्या सहातले तीन आठवडे मी गोठ्यातच असायची. पण नावं मला वाचता येतात. थडग्यांवरची वाचून शिकले. म्हणूनच असेल, नावावर रेघ पाहिली आणि आधी थडगं दिसलं, राग मागून आला. रागाला यायला एवढा वेळ पूर्वी लागत नसे. मी तशीच इमारतीच्या राखणदाराच्या दारात जाऊन उभी राहिले. तुओमिनेन सूप पीत होता, चमचा हातात घेऊनच आला. "जिवंत माणसांची नावं खोडायला तुम्हाला कोणी ठेवलंय का इथे?" मी म्हटलं. "मेलो का आम्ही?" तो म्हणाला, "नाही हो मोइलानेनबाई, मेलेल्यांची मी काळ्या शाईने खोडतो." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याचा चमचा खाली आला. "तुमच्या सुनेनेच सांगितलं की. महिनाअखेर घर सोडताय ना? तुर्कूला चाललाय. तुम्हाला... तुम्हाला माहीतच असेल." "माहीत नसायला काय झालं," मी म्हटलं, "घर माझं आहे. शाई चांगली काळी वापरा, निळी शोभत नाही, एवढंच सांगायला आले होते." आणि पिशवी न घेता लिफ्टमध्ये चढले. बटाटे मागाहून त्याने आणून दिले, दाराबाहेर ठेवून गेला, घंटीसुद्धा वाजवली नाही.

घर माझं आहे, हे मी सवयीने म्हटलं होतं. घर माझं नव्हतं. पाचव्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या माझ्या सुनेच्या, सिल्वीच्या नावावर होत्या, आणि सिल्वी आता माझी कोणीही नव्हती. माझा मुलगा ओइवा तीन वर्षांपूर्वी स्वीडनला मोटारींच्या कारखान्यात गेला, नाताळला एक कार्ड पाठवायचा, मग तेही उशिरा यायला लागलं, आणि गेल्या वसंतात सिल्वीने कोर्टातून घटस्फोटाचा कागद आणून टेबलावर ठेवला. मी चष्मा लावला नाही. म्हटलं, वाचून दाखव. तिने वाचून दाखवलं, न अडखळता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं असावं. मग म्हणाली, "आडनाव मी बदलत नाहीये. मेर्याचं आणि माझं एकच असलेलं बरं." मेर्या माझी नात, पंधरा वर्षांची. मी म्हटलं, "उपकारच झाले मोइलानेनांवर." ती हसली नाही, चिडलीही नाही, कागदाची घडी घालून कपाटात ठेवून आली. पावाच्या कारखान्यात कामाला लागल्यापासून तिला हे जमायला लागलं होतं, माझं बोलणं अंगावरून जाऊ देणं, जसं बदकाच्या पाठीवरून पाणी. गावात असताना माझा एक शब्द तिच्या अंगावर दिवसभर दिसायचा.

मी खिडकीपाशी बसले. खाली गालिचे झटकायच्या दांड्यांवर कोणाचा तरी लाल पट्टेरी गालिचा होता आणि एक बाई त्याला मारत होती, पण काच दुहेरी, आवाज येत नव्हता. मार दिसतो आणि आवाज येत नाही, असं हे शहर. आमच्या हाउकिवारा गावात मी अंगणात उभी राहून हाक मारली की तळ्यापलीकडे कुत्री भुंकायची. पाच गायी, एक घोडा, राय नावाच्या धान्याची शेती, आणि बोटभर लांबीची किल्ली माझ्या कमरेला. कोठाराची किल्ली. पीठ, कॉफी, साखर, लोणी, खारवलेलं मांस, लोकर, तागाचं कापड, सगळं त्या लाकडी कोठारात आणि किल्ली मालकिणीकडे, अशी आमच्याकडची रीत. पुरुष रानाचा, आत काय शिजेल आणि किती, ते मालकिणीचं. माझा नवरा हेइक्कीसुद्धा तंबाखूला माझ्या तोंडाकडे बघायचा. गावात मला हिल्मा कोणी म्हणत नसे. मालकीणबाई म्हणत, पाद्रीसुद्धा. सिल्वीही तेच म्हणायची. मीच सांगितलं होतं तिला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, आई म्हणायला तुझी आई आहे, मला मालकीणबाई म्हण. आता ती मला आजी म्हणते. मेर्याचं ऐकून म्हणायला लागली, इथे आल्यावर, पहिल्याच हिवाळ्यात. मी एक दिवस दचकले, दोन दिवस फुगून बसले, आणि मग ते चालू झालं. कोणी मला माझ्या खुर्चीवरून उठवलं नाही. खुर्चीच हळूहळू बुटकी होत गेली.

कसं झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सरकारने म्हटलं, शेतं पडीक ठेवा, गायी द्या, आम्ही पैसे देतो. दूध जास्त झालंय म्हणे देशात. जन्मभर आम्हाला कोणी म्हटलं नव्हतं की काही जास्त झालंय. ओइवाने सही केली. पंचेचाळीस वर्षं त्या गोठ्यात पहाटे शिरणारी मी, कुठल्या गायीचं कुठलं आचळ हळवं ते अंधारात जाणणारी मी, आणि सही ओइवाची, कारण कागदावर रान बापाचं होतं आणि बापामागून मुलाचं. किल्ली कमरेला होती म्हणून मला वाटायचं माझ्या हातात सगळं आहे. कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं, किल्लीला कागद नसतो. गायी न्यायला गाडी आली तेव्हा हेलुना चढेना. मीच तिच्या कानात बोलले आणि चढवली. मग आम्ही चौघं इथे आलो. ओइवाला बांधकामावर काम मिळालं, आणि त्याला पगाराच्या दिवशी घरचा रस्ता सापडेना. सिल्वी पावाच्या कारखान्यात लागली. पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिच्या केसांना रायचा वास होता, आंबलेल्या पिठाचा, आमच्याच स्वयंपाकघराचा वास, आणि मला वाटलं ठीक आहे, पीठच मळतेय, कुठेही गेली तरी सून पीठच मळणार. मला कळलं नाही की वास तोच असला तरी ती दुसऱ्या दारातून आली होती. गावात ती पीठ मागून मळायची.

माझी सासू माझ्या लग्नानंतर बारा वर्षं जगली. बारा वर्षं मीही दारात उभी राहिले, हात पुसले आणि मागितलं. तिने किल्ली मरतानाही दिली नाही. तिला धुवायला घेतलं तेव्हा मी ती कमरेची सोडवली, ओल्या हातांनी, आणि त्याच ओल्या हातांनी आपल्या कमरेला बांधली. मला काही वाईट वाटलं नाही. असंच असतं असं वाटलं. एका बाईला वर यायचं तर वरच्या बाईने मरावं लागतं, आमच्याकडे बाईला दुसरी वाट नव्हती, आणि जी वाट बघते ती पुढे वाट बघायला लावते. सिल्वीने माझ्या मरणाची वाट पाहिली नाही. शहराने तिला ते मी जिवंत असतानाच देऊन टाकलं. आणि खरं सांगते, तिने मला हाकललं असतं तर मला एवढं लागलं नसतं. तिला माझ्या किल्लीची गरजच उरली नाही, हे लागलं. साखर दुकानात असते. ती आणते, डब्यात ओतते, डबा ओट्यावर, झाकण उघडं. पहिल्या वर्षी मी रोज ते झाकण लावायची.

मंगळवार गेला, बुधवार गेला. सिल्वी काही बोलली नाही. मीही नाही. विचारायचं असतं तर एक प्रश्न होता: मी कुठे? तुर्कूला तुम्ही चाललात, आणि मी? पण प्रश्न विचारणं हेसुद्धा मागणंच असतं. मी मेर्याला म्हटलं, "तुझे बूट फाटलेत, तुर्कूला पाऊस फार असतो म्हणतात." मेर्याने कॉफीचा पेला खाली ठेवला. "तुला माहितेय?" "मला सगळं माहीत असतं." "मग आईशी बोल ना." "तुझी आई बोलेल." "ती म्हणते तू बोलशील," मेर्या म्हणाली, "तुम्ही दोघी म्हणजे ना, एका खुंट्याला बांधलेल्या दोन म्हशी. नाही, म्हशी तरी हंबरतात." "म्हशी कुठे पाहिल्यास गं तू?" "पुस्तकात." "मग गायी म्हण," मी म्हटलं, "पाहिलेलं बोलावं."

गुरुवारी सहाला आम्ही दोघी टॉवेल घेऊन तळघरात उतरलो. मेर्या आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. आता कळतं ते दुखणं ठरवून होतं. इमारतीचा सौना म्हणजे सिमेंटच्या खोलीत लाकडाची खोली. विजेची शेगडी, वर दगड, तीन पायऱ्यांची बाकं, भिंतीवर वाळूचं घड्याळ, कारण तास संपला की दारात पुढचं घर टॉवेल घेऊन उभं. आमच्याकडे शनिवारी सौना तापला की तापला, ज्याला यायचंय त्याने यावं, कोण कधी आलं कोणी विचारलं नाही. त्यातच मुलं जन्मली, त्यातच मेलेली धुतली. धुराने काळ्या झालेल्या त्या भिंतींना आम्ही देवाच्या घरासारखं मानत आलो. तिथे शिवी नाही, हिशेब नाही, भांडण नाही. आवाज चढला की वाफ कडू होते, असं माझी आजी सांगे, आणि मी ते सिल्वीला सांगितलं होतं, ती नवी होती तेव्हा, वरच्या बाकावर बसून माहेरच्या आठवणीने रडत होती तेव्हा. "सौन्यात आवाज काढायचा नाही," मी म्हटलं होतं. तिने त्यानंतर काढला नाही.

ती वरच्या बाकावर बसली, मी मधल्या. गुडघे आता मला वर चढू देत नाहीत. तिने दगडांवर पळीभर पाणी टाकलं, सूं झालं, आणि वाफ मानेवरून पाठीवर उतरली. चाळिशीची बाई. खांदे रुंद झाले होते, कोपरावर भट्टीचा जुना डाग. मला एकदम दिसलं की हे शरीर कोणालाच घाबरत नाही. मी किती वेळा पाहिलं होतं ते, दर आठवड्याला, आणि आज दिसलं.

"तुम्ही मंगळवारी तुओमिनेनकडे गेला होतात," ती म्हणाली. "तुम्ही विचाराल म्हणून दोन दिवस थांबले. म्हणून इथे सांगते. वर सांगितलं असतं तर तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू दिलं नसतं." मी तोंड उघडलं. तिने बोट ओठांवर ठेवलं, उद्धटपणाने नव्हे, जसं झोपलेल्या मुलाजवळ ठेवतात तसं. "सौना आहे, आजी." आणि मी गप्प झाले. माझाच नियम.

तिने सांगितलं. तुर्कूच्या बेकरीत तिला पाळीची मुकादम केलं होतं, चौदा बायकांवर. बेकरीकडून दोन खोल्या आणि मोठं स्वयंपाकघर. मेर्याला तिथे दाईचं शिक्षण घेता येईल पुढे, तिला तेच हवं होतं. मी मनात म्हटलं, दाई, सौना न पाहता दाई. मग तिने पळी उचलली. पाणी टाकलं नाही. शेगडी टक टक करत होती.

"पहिली गेली तेव्हाचं तुम्हाला आठवतं?" ती म्हणाली.

पहिली म्हणजे मेर्याच्या आधीची. गवत कापणीच्या दिवसांत झाली, दीड महिना आधी. मी झेलली तिला, माझ्या या हातांनी, आमच्या सौन्यात. दोन दिवस जगली. नाव ठेवायला पाद्री पोचला नाही, मीच पाणी शिंपडून ठेवलं. सिल्वी सातव्या महिन्यात दाताळं घेऊन रानात होती. मीही असायची, माझ्या वेळी, आठव्यातसुद्धा. मला वाटलं ती रानाचं काढणार. मी तयार झाले.

"मी कोठाराच्या दारात आले," ती म्हणाली. "पाय नीट उभे राहत नव्हते. तुम्ही आत मांस मोजत होतात. मी म्हटलं, मालकीणबाई, कापड हवंय. बाळाला गुंडाळायला. तुम्ही मागे न बघता म्हणालात, किती?" तिचा आवाज चढला नाही. उलट उतरला. "मी हात पसरून दाखवलं. एवढं. एवढंच होतं ते पोर, आजी. हात जवळजवळ धरावे लागले मला. आणि हात पसरलेले असताना मला वाटलं, मी हिच्याकडे आता काही मागायचं नाही. पण मग दुसऱ्या दिवशी कॉफी संपली आणि मागितली. मेर्या झाल्यावर साखर मागितली, लोकर मागितली, आईच्या मातीला जायला घोडा मागितला. अकरा वर्षं मागितलं."

मी बोलू शकत होते. वाफ कडू झाली असती तर झाली असती. सांगू शकत होते की ते कापड कुठलं होतं. तागाचं, माझ्या आईने विणलेलं, माझ्या लग्नाचं, कडेला लाल दोऱ्याची वेलबुट्टी. मी ते माझ्यासाठी ठेवलं होतं, मला त्यात पुरा म्हणून सांगायचं होतं. तेच फाडलं. किती, हे तोंडातून गेलं कारण त्या दारात आलेल्या प्रत्येकाला मी तेच म्हणायची, पाहुण्याला, भिकाऱ्याला, नवऱ्याला. शब्द बाहेर पडला आणि मी मागे वळले नाही कारण मला माझं तोंड तिला दाखवायचं नव्हतं. मालकिणीचं तोंड रडवेलं कोणी पाहू नये. मी अंधारात पेटीतून ते काढलं आणि तिच्या हातात दिलं, आणि तिला त्या दिवशी कापडाचा पोत कुठून कळणार. तिला शब्द कळला. कापड जमिनीत गेलं, शब्द वर राहिला. मी नुसती दगडांकडे बघत राहिले. नियम होता म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

"आता ऐका," सिल्वी म्हणाली. "गावाकडच्या वृद्धाश्रमाला मी पत्र टाकलं होतं. खिडकीजवळची खाट आहे म्हणतात. आणि तुर्कूत मेर्याच्या खोलीत दुसरी खाट मावते, मी मोजून आले. दोन्ही दारं उघडी आहेत. मी कुणाला काही कळवलेलं नाही. तुम्हाला आमच्याबरोबर यायचं असेल तर या. पण तसं तोंडाने म्हणा. मला घेऊन चल, एवढंच. मी ओढून नेणार नाही, तुम्ही गृहीत धरून येणार नाही. एकदा मागा, आजी. मी नाही म्हणणार नाही. मला फक्त ऐकायचंय."

मग ती खाली उतरली, बादलीत कोमट पाणी घेतलं, आणि दर गुरुवारी धुते तशी माझी पाठ धुतली. साबणाचा हात मानेपासून खाली, कण्यावरून, बरगड्यांवरून. तो हात रागावलेला नव्हता. त्याहून वाईट, तो वाट बघत होता. मी तिची पाठ धुतली. माझा हात तिच्या खांद्यावर थांबला आणि मला वाटलं आत्ता, आत्ता बोलावं, कुजबुजत, कुजबुजण्याला बंदी नाही. दारावर टकटक झाली. पुढच्या घराची माणसं.

आठ दिवस होते. गावाकडचा वृद्धाश्रम मला माहीत होता. माझ्या लहानपणी त्याला दरिद्रीघर म्हणत. मालकीण असताना नाताळला मी तिथे घोडागाडीतून लोणी पाठवायची, सगळ्यांना दिसेल असं, हारीने बसलेल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहायच्या. आता त्यांच्यातल्याच कुणाची तरी नात तिथे मला चमच्याने भरवणार, आणि म्हणणार, हिल्मा, तोंड उघड. मला हे सगळं दिसत होतं. आणि समोर तीन शब्दांचं वाक्य होतं, एका श्वासात संपणारं. शुक्रवारी सकाळी मी ठरवून उठले. सिल्वी ओट्यापाशी उभी होती, कारखान्याचा पांढरा झगा घातलेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. हात कोरडे होते तरी पुसले. माझे हात जाणत होते कसं उभं राहायचं ते, बारा वर्षं उभे राहिलेले हात. ती वळली. तिने पाहिलं मी कशी उभी आहे ते, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, ती थांबली, पेला हातात तसाच. मी म्हटलं, "तुझी कॉफी पातळ असते." तिने पेला खाली ठेवला. "असते," ती म्हणाली, आणि कामाला गेली.

दुसरी संधी आली तेव्हा ती खोकी भरत होती. एकेक वस्तू उचलून मला दाखवायची, "हे घेऊ? हे?" प्रत्येक वस्तूला मी होय किंवा नाही म्हणायची, आणि तिला ठाऊक होतं, मलाही, की ती मला जिना करून देत होती, की यातल्या एखाद्या पायरीवर मी म्हणावं, आणि मला? माझी लोणी काढायची लाकडी रवी तिने उचलली. "ही?" मी म्हटलं, "लोणी दुकानात मिळतं." तिने ती खोक्यात ठेवली. थोड्या वेळाने काढली. मग पुन्हा ठेवली.

मेर्या रात्रीच्या जेवणानंतर माझ्या पायाशी येऊन बसली, विजार घालून, पाय पसरून, मुलासारखी. "आजी, म्हण ना गं. एकच वाक्य आहे. मला घेऊन चल. बघ, मी म्हटलं, काही झालं का मला?" "तू पंधरा वर्षांची आहेस. तुझं म्हणणं फुकट असतं." "मग हळू म्हण. मला म्हण, मी जाऊन सांगते." "निरोप्या ठेवू होय आता मी?" तिचे डोळे भरले. "तू मला आवडतेस," ती म्हणाली, "पण तू फार वाईट आहेस." मी तिच्या केसांतून हात फिरवला. वाईट नाही गं, मला म्हणायचं होतं, मी शिकलेलीच नाही. मला एवढंच शिकवलं की मागणारी खाली असते आणि देणारी वर, आणि एकदा वर आलं की खाली उतरायचं ते तिरडीवरूनच. तुझी आई कुठे शिकली तिसरं काही, मला माहीत नाही. कारखान्यात शिकवत असतील. चौदा बायका एका भट्टीपाशी, एकमेकींकडून मीठ मागून घेतात, देतात, कोणी लहान होत नाही. मला एकदा ते बघायला मिळालं असतं तर. मेर्याला मी म्हटलं, "जा, नाक शिंकर."

आणि एकटी असताना मी ते म्हणून पाहिलं. लिफ्टमध्ये, दार बंद झाल्यावर. मला घेऊन चल. आवाज माझा वाटेना. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि एक बाई कुत्रं घेऊन आत आली, मी खोकल्यासारखं केलं. न्हाणीघरात नळ सोडून म्हटलं. आरशात बघून म्हटलं, तेव्हा ओठ हलले आणि डोळ्यांनी साथ दिली नाही, डोळे सासूचे होते. एकदा झोपेत म्हटलं असावं, कारण मेर्या सकाळी म्हणाली तू बोलत होतीस. काय बोलले ते तिला कळलं नव्हतं.

सत्तावीस तारखेला, सोमवारी, सिल्वीने विचारलं, "आश्रमाला उद्या उत्तर द्यायचंय. काय लिहू?" तिने पेन हातात धरलं होतं, कागद समोर. सरळ विचारलं. याहून खाली ती वाकू शकत नव्हती, आणि मी जाणून होते. मी म्हटलं, "लिहायला तुला येतं. तूच काय ते लिही." तिने कागद जवळ ओढला. मग तिने लिहिलं. लिहिताना तिच्या हनुवटीवरून एक थेंब टेबलावर पडला, तिने तो बाहीने पुसला, पीठ पुसावं तसा.

शुक्रवारी सामानाला कारखान्याची पावाची गाडी आली, सिल्वीची मैत्रीण हेल्वी चालवत होती. बाई, एवढी मोठी गाडी, तोंडात सिगारेट. दुपारपर्यंत घर रिकामं झालं. माझं तिकीट तुओमिनेनपाशी होतं, गावाकडे जाणारी कायानीची पाचची आगगाडी, तो मला स्टेशनवर सोडणार होता. सिल्वीने मला दोनदा सांगितलं की तिकीट परत करता येतं, तुओमिनेनला तिने तसं सांगून ठेवलंय. मी खाली उतरले, डोक्याला चांगला रुमाल, ओव्हरकोटाची सगळी बटणं लावलेली. जमिनीवर पातळ बर्फ होतं, पहिलंच, पावलांखाली विरघळणारं. मेर्याने मला मिठी मारली आणि सोडेना. तिला गाडीत चढवावं लागलं. हेल्वी वरून ओरडली, "पुढे चौघींची जागा आहे, दाटीवाटीने! चौथी येतेय का, नाहीतर मी टोपल्या ठेवते!" सिल्वीने मला जवळ घेतलं नाही. तिने माझ्या कोटाची कॉलर सरळ केली, आणि मग चढली, कडेच्या जागेवर बसली नाही, आत सरकून बसली, मेर्याला चेपून, आणि कडेला हातभर जागा रिकामी ठेवली. दार उघडंच. तिचा हात दाराच्या कडीवर. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. अंगणात नवी सून उभी राहते तशी, काय सांगतील मालकीणबाई म्हणून, तशी बघत होती, अठरा वर्षांपूर्वीची. इंजिन चालू होतं. हेल्वीने एकदा भोंगा वाजवला, सिल्वी मागे न बघता म्हणाली, "थांब." मला तोंडात ते शब्द आल्याचं जाणवलं, जिभेवर, वजनासकट. त्या हातभर जागेवर रायचं पीठ सांडलेलं होतं, मी ते पाहिलं. थंडी दारातून आत जात होती, मेर्या कुडकुडत होती, पातळ कोटात, किती वेळा सांगितलं होतं जाड घाल म्हणून.

"दार लाव," मी म्हटलं, "पोरीला गारठा लागतोय."

तिने लावलं. माझं ऐकायची सवय होती तिला.